उबेचा हिशेब मांडणारा काउंट रम्फर्ड

गोधडी ऊब देत नाही. ऊब अंगाचीच असते. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. साखर कारखान्यात बॉयलरपासून निघणाऱ्या वाफेच्या नळाला जाड आवरण गुंडाळलेले असते, वर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा असतो. कामगार त्याला ‘लॅगिंग’ म्हणतात. त्याचे कामही गोधडीचेच. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात, नळावर ग्लासवूल किंवा रॉकवूल असते. पण दोन्हीकडे खरी कामगिरी बजावते ती त्या थरांत अडकून पडलेली हवा. आज शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत उरकते. घड्याळ आणि तापमापी घेऊन जिद्दीने तिच्या मागे लागलेला माणूस मात्र दोन ओळींत उरकण्यासारखा नव्हता.

त्याचे नाव बेंजामिन थॉम्प्सन. पुढे तो काउंट रम्फर्ड म्हणून युरोपभर गाजला. २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत, वोबर्न गावी, एका शेतकरी घरात त्याचा जन्म झाला. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वडील गेले. तेराव्या वर्षी त्याला सेलम गावातल्या एका दुकानात उमेदवारीला ठेवले. तिथे शोभेची दारू तयार करताना स्फोट होऊन तो चांगलाच भाजला. गल्ल्यावर त्याचे मन रमले नाही, यात नवल नाही. लोआमी बॉल्डविन या मित्राबरोबर तो पायपीट करत केंब्रिजला जाई आणि हार्वर्डमधली विज्ञानाची व्याख्याने ऐके. औपचारिक शिक्षण म्हणावे असे त्याच्या पदरी फारसे पडले नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो न्यू हॅम्पशायरमध्ये शिक्षक होता. तिथेच आपल्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या एका श्रीमंत विधवेशी त्याने लग्न केले. एका रात्रीत तो जमीनदार झाला, गव्हर्नरच्या ओळखीत आला आणि वसाहतीच्या फौजेत थेट मेजरही झाला. वर्षानुवर्षे चाकरी केलेल्या अधिकाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. त्यातच स्वातंत्र्ययुद्धाचे वारे वाहू लागले. थॉम्प्सनने राजाची बाजू धरली, आणि नुसती धरली नाही, तर ब्रिटिश सेनापतीला चोरून बातम्या पुरवल्या. अदृश्य शाईत लिहिलेले १७७५ मधले एक पत्र त्या सेनापतीच्या कागदपत्रांत सापडले आणि विसाव्या शतकातल्या संशोधकांनी ते थॉम्प्सनचेच असल्याचे ठरवले. १७७६ च्या मार्चमध्ये ब्रिटिशांनी बोस्टन सोडले, तेव्हा हाही लंडनला निघून गेला. पत्नी आणि तान्ही मुलगी मागेच राहिल्या. पत्नीची आणि त्याची पुन्हा कधी भेट झाली नाही.

लंडनमध्ये एका मंत्र्याच्या आश्रयाने त्याची चढण सुरूच राहिली. बंदुकीच्या दारूवर प्रयोग करताना त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. गोळी न घालता नुसती दारू उडवली, तर नळी गोळी घालून उडवल्यापेक्षा जास्त तापते. हे का, हा प्रश्न त्याला चिकटला आणि उष्णता हा विषय त्याने मरेपर्यंत सोडला नाही. १७७९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. मधल्या काळात ब्रिटिश फौजेतला अधिकारी म्हणून तो अमेरिकेत परतला. लाँग आयलंडवरच्या हंटिंग्टन गावात त्याने चक्क दफनभूमीवर किल्ला उभारला आणि त्यासाठी थडग्यांचे दगड वापरले. तिथले लोक त्याचे नाव पुढे अनेक पिढ्या रागानेच घेत असत. असा हा गृहस्थ.

युद्ध संपल्यावर तो जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात गेला. तिथला राज्यकर्ता कार्ल थिओडोर याला आपली गबाळी फौज सुधारायची होती. सैनिकांना पगार कमी, कपडे वाईट, खाणे त्याहून वाईट. थॉम्प्सनने हिशेब मांडायला घेतला आणि पहिल्याच पायरीला अडला. कमी खर्चात जास्त ऊब देणारे कापड कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लोकर उबदार, सुती कापड थंड, एवढ्या अनुभवावर जग चालले होते. किती उबदार, याला आकडा नव्हता.

आकडा काढण्यासाठी त्याने जी युक्ती केली ती आजही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल. एक तापमापी घेतली आणि तिचा फुगा काचेच्या मोठ्या गोळ्याच्या मधोमध बसवला. मधल्या पोकळीत तपासायचा पदार्थ भरला. सगळे साधन उकळत्या पाण्यात धरून तापवले आणि मग बर्फात बुडवले. आतला पारा साडेसत्त्याऐंशी अंश सेल्सिअसवरून साडेबारा अंशांवर उतरायला किती सेकंद लागतात, हे मोजले. (तो स्वतः रेओमूरच्या मापात, सत्तरपासून दहा अंशांपर्यंत मोजत असे.) जितका वेळ जास्त, तितका पदार्थ उबेचा राखणदार चांगला.

पोकळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. कापूस भरल्यावर १०४६. मेंढीची लोकर, १११८. कच्चे रेशीम, १२८४. बीव्हर या प्राण्याची लव, १२९६. आयडर बदकाची पिसे, १३०५. ससाण्याच्या नव्हे, सशाच्या लवेने सगळ्यांवर ताण केली, १३१५ सेकंद.

इथपर्यंत कोणीही मेहनती माणूस पोहोचला असता. थॉम्प्सनची खरी चमक पुढे दिसते. त्याने पीळ दिलेला रेशमी दोराही तपासला. त्याला ९१७ सेकंदच लागले. म्हणजे पदार्थ तोच, रेशीम. पण पिंजून मोकळे ठेवले तर १२८४ आणि पीळ देऊन घट्ट केले तर ९१७. ऊब रेशमाच्या अंगच्या गुणात असती, तर हा फरक पडायला नको होता. फरक होता तो तंतूंमधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे हवेत. पण मग नुसती हवा भरली तेव्हा सर्वांत कमी वेळ का लागला? कारण मोकळी हवा स्वस्थ बसत नाही. फुग्याजवळची तापलेली हवा वर जाते, काचेजवळ थंड होऊन खाली येते आणि या फेऱ्यांत उष्णता पाठीवर वाहून नेते. तंतूंच्या जाळ्यात तीच हवा अडकली की तिच्या फेऱ्या बंद पडतात. जागच्या जागी थांबलेली हवा उष्णता फारच सावकाश पुढे सरकवते. कापड म्हणजे हवेला बांधून ठेवणारी दावण. इतके साधे उत्तर.

आजचे आकडे पाहिले तर त्याचे म्हणणे किती नेमके होते हे कळते. उष्णता वाहून नेण्याची पोलादाची क्षमता ५० धरली, तर त्याच मापात पाण्याची सुमारे ०.६ आणि स्थिर हवेची फक्त ०.०२६. चांगले ग्लासवूल ०.०३ ते ०.०४ च्या आसपास असते. म्हणजे काचेचे धागे आहेत म्हणून ते चांगले नाही. त्यात बहुतांश हवा आहे म्हणून ते चांगले आहे. ते दाबून घट्ट बसवले किंवा पाण्याने भिजले, की त्याचा गुण गेला. हवेची जागा पाण्याने घेतली तर उष्णतेला वीसपट रुंद वाट मिळते. पावसाळ्यात पत्रा फाटलेल्या नळाचे आवरण बाहेरून जाडजूड दिसते, पण आत ओल शिरलेली असेल तर ते असून नसल्यासारखेच.

याच काळात त्याने तापमापीभोवतीची हवाच काढून टाकून पाहिले. निर्वात पोकळीतून उष्णता हवेपेक्षाही कमी जाते, हे त्याने १७८६ मध्ये प्रसिद्ध केले. उष्णतेवरच्या या सगळ्या कामासाठी १७९२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. त्याच सुमारास तो पवित्र रोमन साम्राज्याचा काउंट झाला. किताबासाठी त्याने नाव निवडले ते रम्फर्ड. न्यू हॅम्पशायरमधल्या ज्या गावातून त्याला पळ काढावा लागला होता, त्या गावाचे ते जुने नाव होते.

कापडाचा प्रश्न सुटला, तरी ते शिवायचे कोणी? १ जानेवारी १७९० रोजी म्युनिकच्या रस्त्यांवरच्या भिकाऱ्यांना सैनिकांकरवी गोळा करण्यात आले आणि कामाच्या शाळेत आणले गेले. तिथे त्यांना उबदार जागा, जेवण आणि मजुरी मिळे. बदल्यात ते फौजेचे कपडे तयार करत. दया आणि काटकसर या दोन्हींची सांगड त्याने अशी घातली की कुठली कुठे संपते ते कळू नये. जेवणाचाही त्याने तसाच हिशेब केला. बार्ली, वाटाणे, नंतर बटाटे, थोडे आंबट आणि पावाचे तुकडे घालून तासन्‌तास शिजवलेले त्याचे सूप युरोपातल्या अनेक शहरांत गरिबांच्या वाट्याला आले. दाटपणामुळे सूप पोटभरीचे लागते, यावरून पाण्यातच पोषण असते अशी त्याने समजूत करून घेतली. ती चुकीची होती. नुसत्या त्या सूपावर राहणाऱ्याचे पोषण होणे कठीणच. मात्र स्वयंपाकघरातली त्याची दुसरी सुधारणा अस्सल होती. उघड्या जाळावर भांडी लटकवण्याची रीत मोडून त्याने विटांच्या बांधणीत बंदिस्त चुली बसवल्या. त्यामुळे इंधन वाचले आणि स्वयंपाकिणींच्या डोळ्यांतला धूरही.

याच सूपाने त्याला आणखी एक धडा दिला. तांदळाचे घट्ट सूप वरून निवल्यासारखे वाटले, म्हणून त्याने घास घेतला आणि तोंड पोळले. आपल्याकडे पानात वाढलेल्या पिठल्याने हा अनुभव कित्येकांना दिला आहे. शेजारच्या वाटीतली आमटी निवते, पिठले मात्र आतून धगधगत असते. पातळ पदार्थात थंड झालेला भाग खाली जातो, गरम वर येतो आणि ढवळल्यासारखे सगळे लवकर निवते. घट्ट पदार्थात ही हालचाल होत नाही. लवेत अडकलेली हवा आणि पिठल्यात अडकलेले पाणी, गोष्ट एकच. पुढे स्पिरिट भरलेल्या एका मोठ्या तापमापीत धुळीचे कण वरखाली फिरताना दिसले आणि हे प्रवाह त्याला डोळ्यांनी पाहता आले. अभिसरण हा शब्द तेव्हा नव्हता, पण कल्पना पूर्ण होती. उत्साहाच्या भरात त्याने द्रव पदार्थ उष्णतेचे वहन अजिबात करत नाहीत, असेही ठोकून दिले. करतात, फार कमी करतात, एवढेच खरे.

तोफ पोखरण्याचा त्याचा प्रयोग सर्वांत प्रसिद्ध, त्यामुळे इथे थोडक्यात. म्युनिकच्या शस्त्रागारात बोथट हत्याराने धातू पोखरताना घर्षणातून इतकी उष्णता निघत राहिली की अडीच तासांत भोवतीचे पाणी उकळू लागले. उष्णता हा एखादा न दिसणारा द्रव असता, तर कधीतरी संपला असता. उष्णता ही गतीच आहे, असे त्याने १७९८ मध्ये मांडले. जगाला ते पटायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

नळांचा विषय येतो तो लंडनमध्ये. १७९९ मध्ये त्याच्या पुढाकाराने तिथे रॉयल इन्स्टिट्यूशन उभी राहिली. विज्ञान सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत आणि कारखान्यापर्यंत जावे, हा तिचा हेतू. हम्फ्री डेव्ही या तरुणाला तिथे आणले ते यानेच. उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायची तर वाफेसारखे वाहन नाही, असे प्रतिपादन त्याने या काळात केले. कारण सोपे आहे. एक किलो उकळते पाणी शून्य अंशांपर्यंत थंड केले तर १०० किलोकॅलरी मिळतात. एक किलो वाफ नुसती पाणी होताना सुमारे ५४० देते. पण हाच गुण नळात दोष ठरतो. नळ उघडा असेल तर वाफ वाटेतच त्याच्या थंड भिंतीवर पाणी होऊन बसते आणि आपले सगळे धन तिथेच उधळते. जेम्स वॅट या गोष्टीला आधीच भिडला होता. वाफेचे पात्र वाफेइतकेच गरम राहावे म्हणून त्याला लाकडाचे किंवा उष्णता सावकाश जाऊ देणाऱ्या अन्य पदार्थाचे वेष्टन घालावे, हे त्याच्या १७६९ च्या पेटंटमध्येच होते. तसे वेष्टन नेमके का काम करते, याचे उत्तर रम्फर्डच्या सशाच्या लवेत होते.

वाफ भांड्याच्या तळाशी सोडावी, वरून नव्हे, हेही त्याने सांगितले. वरून सोडली तर वरचाच थर तापतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात गॉट यांच्या लोकर कारखान्यात रंगाची कढई अशा वाफेने तापवली जाऊ लागली. प्रत्येक कढईखाली वेगळी भट्टी पेटवण्याची गरज उरली नाही.

हवा अडवणे हा हिशेबाचा एक भाग झाला. दुसरा भाग रम्फर्डला थोडा उशिरा, १८०३ च्या सुमारास सापडला आणि त्याने तोही चक्रावला. पितळेची दोन सारखी नळकांडी त्याने गरम पाण्याने भरली. एक घासूनपुसून चकचकीत ठेवले, दुसऱ्यावर पातळ तागाचे कापड घट्ट चढवले. कापडातले जास्त वेळ गरम राहील, असेच कोणीही म्हणेल. झाले उलटे. कपडे घातलेले भांडे आधी निवले. काजळी धरलेले भांडेही तसेच लवकर निवले. चकचकीत धातू प्रारणाने फार कमी उष्णता टाकतो. कापड आणि काजळी सढळ हाताने टाकतात. पातळ, घट्ट कापडात अडकलेली हवा नगण्य, त्यामुळे बचत थोडी आणि उधळण जास्त. नळावर एखादा फडका गुंडाळून भागत नाही, आणि जाड आवरणावर पुन्हा चकचकीत पत्रा का चढवतात, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या प्रयोगात आहेत. पत्रा पाऊस तर अडवतोच.

निर्वात पोकळी आणि चकचकीत पृष्ठभाग, या त्याच्या दोन निष्कर्षांचा मेळ पुढे त्याच्याच संस्थेत बसला. १८९२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या जेम्स ड्यूअर याने काचेच्या दोन भिंतींमधली हवा काढून निर्वात बाटली तयार केली. काचेवर चांदीचा मुलामाही दिला जाऊ लागला. घरोघरचा थर्मास तो हाच. १८९४ मध्ये ड्यूअरला रम्फर्ड पदक मिळाले. या पदकासाठी रम्फर्डने १७९६ मध्ये रॉयल सोसायटीला १००० पौंड दिले होते, आणि १८०० मध्ये पहिले पदक मिळाले ते खुद्द रम्फर्डलाच!

नळांच्या आवरणाचा पुढचा इतिहास मात्र इतका निर्मळ नाही. वाफेचे युग बहरले तसे न जळणारे आवरण हवे झाले आणि बॉयलर, जहाजे, कारखाने यांच्या नळांवर ॲस्बेस्टॉस चढले. ते स्वस्त होते आणि आगीला दाद देत नव्हते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे कामगारांच्या फुप्फुसांत गेले. १९६४ मध्ये अमेरिकन डॉक्टर अर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवरण चढवणाऱ्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणात आढळला. तंतूंशी संपर्क आणि आजार यांच्यात अनेकदा वीस-तीस वर्षे जात असल्याने हा धोका इतका काळ झाकला गेला. जुन्या इमारतीतले, जुन्या कारखान्यातले नळांचे पांढरट, भुसभुशीत आवरण हाताने ओरबाडून काढू नये, कोरडे झाडू तर मुळीच नये. त्याची तपासणी आणि विल्हेवाट जाणत्यांकडेच सोपवावी. दुःखाची गोष्ट अशी की त्या तंतूंचीच गरज होती असे नाही. गरज अडवलेल्या हवेची होती.

आता म्युनिकमध्येच जमिनीखालून नळांचे जाळे आहे आणि त्यातून मध्यवर्ती केंद्रांतली उष्णता घरांपर्यंत पोहोचते. अशा व्यवस्थांत आज सर्रास वापरला जाणारा नळ आत पोलादाचा, भोवती पॉलियुरेथेनच्या फेसाचा आणि बाहेर कणखर प्लास्टिकचा असतो. फेसात तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. कुठे ओल शिरली तर तारांतून खबर मिळते. फेस म्हणजे बंद बुडबुडेच.

रम्फर्डची अखेर फ्रान्समध्ये झाली. १८०५ मध्ये त्याने मारी-ॲन लाव्हॉझिएशी लग्न केले. गिलोटिनवर गेलेल्या महान रसायनशास्त्रज्ञाची ती विधवा, स्वतः विज्ञानात मुरलेली. उष्णता हा एक द्रव आहे असे मानणाऱ्यांत लाव्हॉझिए अग्रणी होता आणि तो सिद्धांत मोडायला निघालेला हा दुसरा नवरा. भांडण मात्र सिद्धांतावरून नव्हे, पाहुण्यांवरून झाले. तिला मेजवान्या हव्या, त्याला एकांत. एकदा पाहुण्यांना येता येऊ नये म्हणून त्याने फाटकाला कुलूप लावले, तर तिने त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. १८०९ मध्ये दोघे वेगळे झाले.

त्यानंतर तो पॅरिसजवळच्या ओतई गावी एकटाच राहिला. हिवाळ्यात सगळे पॅरिस गडद कपड्यांत फिरे, तेव्हा हा नखशिखांत पांढरे कपडे घालून बाहेर पडे. पांढरा रंग अंगची उष्णता कमी बाहेर टाकतो, असे त्याचे गणित. लोक हसत. (इथे त्याचे गणित फसले होते. अंगातून निघणारे प्रारण डोळ्यांना न दिसणारे असते आणि त्याच्या लेखी पांढरे आणि काळे कापड जवळजवळ सारखेच.) २१ ऑगस्ट १८१४ रोजी तापाने त्याचा मृत्यू झाला. फ्रेंच विज्ञान संस्थेत त्याच्यावर मृत्युलेख वाचताना जॉर्ज क्यूव्हिए यांनी त्याच्या कामाचा गौरव केला, आणि ज्या माणसांसाठी त्याने एवढे केले त्यांच्यावर त्याचे प्रेम नव्हते, हेही आडपडदा न ठेवता सांगितले. मृत्युपत्रात त्याने हार्वर्डला विज्ञानाच्या उपयोगावर शिकवणाऱ्या प्राध्यापकपदासाठी पैसे ठेवले होते. पायी चालत जाऊन जिथली व्याख्याने त्याने ऐकली होती, तेच हार्वर्ड.